विश्लेषण : कोंबडी नेली कोणी? कोल्ह्याने की उघड्या राहिलेल्या दाराने?

सकाळी खुराडे उघडले आणि दोन कोंबड्या कमी निघाल्या, तर अमरावती-अकोल्याच्या गावांत त्याची बातमी होत नाही. पोलीस पाटलाला कोणी कळवत नाही, वन विभागाच्या कार्यालयात कोणी जात नाही. ‘कोल्ह्याने नेली असेल’ एवढे म्हणून घरातली बाई कामाला लागते. पण दहा-बारा कोंबड्यांच्या घरात वर्षभरात असे चार-पाच वेळा झाले, तर कोंबड्या पाळण्यात अर्थ उरत नाही. मग कोणी विष टाकते, कोणी फास लावते, कोणी कोंबड्या पाळणेच सोडून देते. या तिन्ही वाटा तोट्याच्या आहेत. कोल्ह्याच्या मागे लागण्यापेक्षा खुराडे पक्के करणे स्वस्तही आहे आणि कायद्यात बसणारेही. त्यासाठी घराने काय करावे आणि सरकारने कशाला पैसे द्यावेत, याचे हे विश्लेषण.

दहा कोंबड्यांचे एवढे काय?

२०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींवर कुक्कुट पक्षी होते. त्यातले सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले, म्हणजे घराच्या अंगणात पाळलेले. २०१२च्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली. मोठ्या पोल्ट्री फार्मची चर्चा जास्त होते, पण देशातल्या तीन पक्ष्यांमागे एकाहून जास्त पक्षी अजूनही अंगणात, उकिरड्यावर आणि वावराच्या बांधावर चरतो.

या कोंबड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात असतो. कपाशीचा, सोयाबीनचा किंवा तुरीचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि तो बियाणे, खत, उधारी यांत जातो. अंड्यांचे आणि कोंबडीचे पैसे मात्र लहान लहान गरजांना उपयोगी पडतात. शाळेची वही, दवाखान्याची फेरी, बचत गटाचा हप्ता त्यातून निघतो.

एक साधा हिशेब पाहू. समजा, एका घरी १० गावरान कोंबड्या आहेत. प्रत्येकीने वर्षाला ६० अंडी दिली आणि अंडे १२ रुपयांना गेले, तर वर्षाचे ७,२०० रुपये झाले. आता समजा, १२ अंड्यांवर खुडूक बसलेली एक कोंबडी रात्री गेली. त्या अंड्यांतून ८ पिल्ले निघाली असती, त्यातली ५ मोठी झाली असती आणि ४०० रुपयांना एक विकली असती, तर २,००० रुपये तिथे बुडाले. कोंबडीचे ४०० रुपये वेगळे. म्हणजे एका रात्रीत २,४०० रुपये, वर्षाच्या अंड्यांच्या एकतृतीयांश उत्पन्नाएवढे. भाव गावागणिक बदलतील, पण हिशेबाचा आकार बदलत नाही. खुडूक कोंबडी गेली की पुढची पिढीही जाते.

व्हिडिओतला ‘कोयोटी’ वऱ्हाडात आहे का?

मोबाइलवर कोंबड्यांच्या संरक्षणाचे व्हिडिओ शोधले की अमेरिकेतले ‘कोयोटी’ आणि ‘रॅकून’ समोर येतात. हे दोन्ही प्राणी भारतात नाहीत. कोयोटी हा उत्तर अमेरिकेतला, कुत्रा-लांडग्याच्या कुळातला प्राणी आहे. आपल्याकडे त्याच्या जागी सोनेरी कोल्हा आहे, ज्याला गावात नुसते ‘कोल्हा’ म्हणतात.

दोघांच्या सवयी बऱ्याच जुळतात. दोघेही माणसाच्या वस्तीजवळ राहू शकतात आणि मिळेल ते खातात. कोल्हा उंदीर, घुशी, किडे, बोरे, मेलेली जनावरे, गावाबाहेर टाकलेले मांस हे सगळे खातो. कोंबडी त्याच्या खाण्याचा एक छोटा भाग आहे. ती सोपी मिळाली तर तो घेतो.

पण वऱ्हाडातल्या कोंबडीचा शत्रू एकटा कोल्हा नाही. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, मोकाट कुत्रे, घूस, नाग, धामण, घार, शिक्रा आणि कावळा असे अनेक दावेदार आहेत. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, अमरावती शहरालगतच्या पोहरा-मालखेडच्या जंगलाकाठी आणि अकोला जिल्ह्यात नरनाळा, काटेपूर्णा अभयारण्यांच्या बाजूच्या गावांत त्यात बिबट्याचीही भर पडते. प्रत्येकाची वेळ आणि आत शिरण्याची पद्धत वेगळी आहे. त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून महागडे दिवे किंवा आवाजाची यंत्रे घेण्याआधी आपल्या अंगणात कोण येते, हे ओळखणे गरजेचे आहे.

नेमके कोण आले होते, हे कसे ओळखायचे?

सकाळी जागा झाडून काढण्याआधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढावेत. खुणा साधारण अशा असतात :

• पूर्ण कोंबडी गायब आणि शेताच्या दिशेने पिसांची माळ : बहुधा कोल्हा. जंगलाकाठी बिबट्याही असू शकतो.

• अनेक कोंबड्या मेलेल्या, पण खाल्लेल्या नाहीत, अंगणभर विखुरलेल्या : मोकाट कुत्रे.

• मान किंवा डोके चावलेले, रक्त सांडलेले आणि आत येण्याची फट लहान : मुंगूस किंवा रानमांजर.

• दिवसाढवळ्या पिल्लू गेले, मागे काहीच खूण नाही : घार, शिक्रा किंवा कावळा.

• अंडी गेली आणि टरफलेही नाहीत : साप. टरफले फुटून पडली असतील तर मुंगूस, घूस किंवा कावळा.

• खुराड्याच्या पायाशी माती उकरलेली : घूस, कुत्रा किंवा कोल्हा.

मऊ मातीत ठसे उमटले असतील तर आणखी एक खूण आहे. कोल्हा आणि कुत्र्याच्या ठशात नखे दिसतात. मांजर, रानमांजर आणि बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या ठशात ती सहसा दिसत नाहीत.

या खुणा शंभर टक्के पुरावा नाहीत. आधी मेलेली कोंबडी कुत्र्याने नंतर ओढलेली असू शकते. दोन-तीन दिवसांत पाठोपाठ कोंबड्या मलूल होऊन मरत असतील, तर तो शिकारी प्राणी नसून मानमोडीसारखा रोगही असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि मेलेले पक्षी उकिरड्यावर न टाकता खोल पुरावेत. उकिरड्यावरची मेलेली कोंबडी कुत्र्याला आणि कोल्ह्याला घराचा पत्ता सांगते.

मारून टाकले तर प्रश्न मिटेल का?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. कोल्हा, रानमांजर आणि मुंगूस हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी आहेत. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त बंदूक नव्हे. फास लावणे, सापळ्यात पकडणे, विष घालणे हीसुद्धा शिकारच. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानंतर कोल्हा अनुसूची १ मध्ये आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. चारशे रुपयांच्या कोंबडीसाठी ही जोखीम कोणत्याच हिशेबात बसत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी विषाचा उपाय उलटतो. कीटकनाशक लावलेले मांस कोल्हाच खाईल याची खात्री नसते. घरचा कुत्रा, शेजाऱ्याचे मांजर, घार, मोर किंवा कोंबडीसुद्धा ते टोचू शकते. अंगणात लहान मूल असेल तर धोका आणखी मोठा. शेताभोवती सोडलेल्या विजेच्या जिवंत तारेने तर माणसेही जातात. ती तार सरळ गुन्हा आहे.

तिसरे कारण शेतीचे आहे. कोल्हा, रानमांजर, धामण, घुबड हे सगळे उंदीर-घुशी खातात. सोयाबीन, हरभरा आणि गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे फुकटचे राखणदार आहेत. शिवाय एक कोल्हा मेला की त्याची हद्द मोकळी राहत नाही, दुसरा येतो. खुराड्याला फट तशीच असेल तर नुकसानही तसेच चालू राहते.

पक्के खुराडे म्हणजे नेमके काय?

बहुतेक खुराडी कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेली असतात. दुसरे कोणी आत येऊ नये, हा विचार त्यात कमी असतो. पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा कूड, वर पत्रा, दाराला लाकडाचा ओंडका टेकवलेला, असे चित्र घरोघरी दिसते. कोंबडीला हे पुरते. कोल्ह्याला आणि मुंगसाला ते अडवत नाही.

जाळी घेताना पहिली चूक होते. दुकानात ‘कोंबडीजाळी’ म्हणून मिळणारी षट्कोनी, पातळ तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो आणि लहान प्राणी तिच्यातून पंजा घालतो. रात्रीच्या निवाऱ्याला अर्ध्या इंचाची, जोडलेल्या तारांची वेल्डेड जाळी हवी. ती खिळ्यांनी न ठोकता पट्टी दाबून स्क्रूने बसवावी.

मापाचे उदाहरण घेऊ. रात्रीपुरत्या निवाऱ्यात एका कोंबडीला २ चौरस फूट जागा धरली, तर १२ कोंबड्यांना २४ चौरस फूट, म्हणजे ६ बाय ४ फूट लागतात. उंची ४ फूट. चारही बाजूंचा घेर २० फूट, म्हणून बाजूंना ८० चौरस फूट जाळी आणि तळाला २४. कापण्यातली घट धरून साधारण ११० चौरस फूट. एवढे माप घेऊन दुकानात गेले की खर्चाचा अंदाज तिथेच येतो.

निवारा जमिनीपासून दोन फूट उंच पायांवर असेल तर उकरून आत येण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि तळाच्या जाळीतून विष्ठा खाली पडून खतही गोळा होते. निवारा जमिनीवरच असेल, तर जाळी एक फूट खोल पुरावी किंवा पायापासून बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर माती-दगड टाकावेत. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी कडेला उकरतो आणि तिथे जाळी लागली की बहुतेक वेळा थांबतो. बसण्याच्या काठ्या जाळीपासून निदान एक फूट आत असाव्यात, म्हणजे बाहेरून पंजा पोहोचत नाही. दाराला नुसती कडी न लावता कडीत अडकवायचा हूक किंवा छोटे कुलूप असावे.

वऱ्हाडात यात एक मोठी अट आहे, ती उन्हाळ्याची. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोल्ह्याच्या भीतीने चारही बाजूंनी पत्र्याची पेटी केली, तर कोंबड्या शिकारीने नाही पण उष्म्याने मरतील. म्हणून भिंती जाळीच्याच ठेवाव्यात. वरच्या पत्र्यावर तुराट्या किंवा कडब्याचा जाड थर द्यावा. उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूला ओले गोणपाट लावावे आणि पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री. निवारा झाडाच्या सावलीत असावा, पण फांदी छतावर टेकलेली नसावी. रानमांजराला तीच शिडी होते.

दार कधी बंद करायचे?

हा प्रश्न जाळीपेक्षाही महत्त्वाचा आहे. कोंबड्या दिवेलागणीला आपणहून खुराड्यात येतात. कोल्ह्याची फिरण्याची वेळही तिथूनच सुरू होते. मधला अर्धा-पाऊण तास धोक्याचा.

अमरावतीत जूनअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबरअखेर तो पावणेसहाच्या आधीच मावळतो. म्हणजे ‘सात वाजता खुराडे लावायचे’ ही उन्हाळ्यातली सवय हिवाळ्यात तासाभराहून जास्त उशिराची ठरते. नेमक्या त्याच दिवसांत वऱ्हाडात कापूस वेचणी जोरात असते. ज्या बाईच्या कोंबड्या, तीच वेचणीला गेलेली असते. वावरातून परत येऊन कापूस मोजून घर गाठेपर्यंत अंधार पडतो आणि दार उघडेच राहिलेले असते.

याला यंत्र लागत नाही. घरातल्या आजोबांकडे किंवा शाळेतून आलेल्या मुलाकडे हे काम ठरवून द्यावे. मोबाइलवर सूर्यास्ताच्या वेळेचा अलार्म लावावा आणि दर महिन्याला तो पुढे-मागे करावा. दार लावताना कोंबड्या मोजाव्यात, म्हणजे बाहेर राहिलेली कोंबडी त्याच संध्याकाळी कळते.

दिवसा काय काळजी घ्यावी?

दिवसा मोठ्या कोंबड्यांना मोकळे सोडल्याशिवाय परसातले कुक्कुटपालन परवडत नाही, कारण चरणे हेच त्यांचे निम्मे खाद्य आहे. तिथे धोका शून्य होणार नाही, कमी करता येतो. पिल्ले दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत डाल्याखाली किंवा वरून जाळी असलेल्या जागेत ठेवावीत. मोकळ्या जागेवर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणल्या तर घारीला झेप घेणे अवघड जाते. लपायला एखादे झुडूप किंवा उलटी टाकलेली जुनी खाट असावी. कळपात एक जागरूक कोंबडा असला तर तो वेळेवर ओरडतो.

घराभोवतीचे दहा-पंधरा फूट गवत आणि झुडपे साफ ठेवावीत. कपाशी किंवा तूर खुराड्याला अगदी चिकटून उभी असेल, तर शिकारी प्राण्याला आडोसा मिळतो. जातीचाही फरक पडतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेल्या ‘वनराज’ पक्ष्याचे रंगीत पीस आणि लांब पाय अंगणात जगण्यासाठी उपयोगी आहेत. बंद शेडसाठी वाढवलेला पांढरा, जड ब्रॉयलर अंगणात सोडला तर तो लांबून दिसतो आणि पळू शकत नाही.

खुराड्यात साप दिसला तर काठी उचलू नये. दार उघडे ठेवून लांब व्हावे आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा. बिबट्याचा वावर असलेल्या गावात खुराडे घराच्या भिंतीला लागून, दिव्याच्या उजेडात असावे आणि रात्री आवाज आला म्हणून एकट्याने बाहेर जाऊ नये.

सरकार यात कुठे आहे?

राज्यात वन्यप्राण्यांनी पशुधन मारल्यास भरपाई मिळते. त्या यादीत वाघ, बिबट, लांडग्यासोबत कोल्ह्याचेही नाव आहे. पण पशुधन म्हणून गाय, म्हैस, बैल, मेंढी, बकरी यांची नावे येतात. कोंबडीचे वेगळे नाव नाही. मुंगूस, रानमांजर आणि मोकाट कुत्रा तर प्राण्यांच्या यादीतच नाहीत.

दुसरीकडे कोंबड्या वाढवण्यासाठी योजना आहेत. पशुसंवर्धन विभाग ५० टक्के अनुदानावर तलंगांचे गट आणि एकदिवसीय पिल्ले देतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून ग्रामीण कुक्कुटपालनाच्या मोठ्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांचे अनुदान आहे, पण त्याला किमान १,००० पक्ष्यांची अट आहे. राज्याने जाहीर केलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीच्या जोडीने कुक्कुटपालन शेडसाठी ४९,७६० रुपये धरले होते. तो हिशेब १०० पक्ष्यांचा होता. दहा-बारा कोंबड्या पाळणारी बाई या सगळ्या मापांच्या खाली राहते.

मग काय व्हायला हवे?

प्रत्येक कोंबडीची भरपाई द्या, ही मागणी ऐकायला बरी वाटते, पण ती टिकणारी नाही. एका कोंबडीच्या पंचनाम्यासाठी वनरक्षकाला गावात यावे लागले, तर पंचनाम्याचा खर्च कोंबडीपेक्षा जास्त होईल. कोल्ह्याने नेली की कुत्र्याने, हा वाद वेगळा. त्यापेक्षा नुकसान होण्याआधी पैसा खर्च करणे शहाणपणाचे आहे.

पहिली गोष्ट, १०० पक्ष्यांच्या शेडसोबत १० ते १५ पक्ष्यांच्या पक्क्या खुराड्याचे एक लहान माप योजनांत आणावे. दुसरी, अकोल्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि दोन्ही जिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रे यांनी वऱ्हाडातल्या उन्हाला चालेल असा एक साधा आराखडा तयार करावा, जो गावातला सुतार किंवा वेल्डर बघून बनवू शकेल. तिसरी, ‘उमेद’च्या बचत गटांतल्या पशुसखी लसीकरणासाठी घरोघर जातातच. त्यांनी तेव्हा खुराड्याची जाळी आणि दारही तपासावे. चौथी, किती पक्षी वाटले या आकड्यासोबत सहा महिन्यांनी किती जिवंत राहिले हा आकडाही विभागाने जाहीर करावा. तो आकडा समोर आला की निवाऱ्यावर खर्च का करायचा, हे वेगळे पटवावे लागणार नाही.

ग्रामपंचायतींचाही वाटा आहे. मांसविक्रीचा कचरा गावाबाहेर उघड्यावर पडत राहिला, तर कुत्रे आणि कोल्हे तिथेच जमणार. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. ती गावपातळीवर उतरायला हवी.

खुराडे पक्के करायला पैसे लागतात, हा आक्षेप खरा आहे. परसातल्या कोंबडीचे आकर्षणच असे की तिला फारसा खर्च लागत नाही. पण वर मांडलेल्या हिशेबात एक खुडूक कोंबडी वाचली तरी २,४०० रुपये वाचतात, आणि पक्की जाळी एका हंगामात संपत नाही. सगळी जाळी एकदम परवडत नसेल, तर आधी खुडूक कोंबडीची जागा आणि दार पक्के करावे. दाराची कडी, सूर्यास्ताचा अलार्म आणि रोजची मोजणी या तीन गोष्टींना तर अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही. त्या आज संध्याकाळपासून सुरू करता येतात.